यांचा पार्ट मी पाहिला नाही

माझे मालक नाटकात काम करतात, हे मला लग्नानंतर महिन्याभरानं कळलं. मळ्यातून आले, हातपाय धुतले आणि माझ्यासमोर उभे राहून म्हणाले, "पदर घसरला तं कोन्या हातानं सावरतं तू?" मी घाबरले. माझंच काही चुकलं असेल असं वाटलं. पण यांना खरंच तेवढंच हवं होतं. मी पदर सावरून दाखवला. यांनी दोनदा तसाच हवेत हात फिरवून पाहिला आणि जेवायला बसले.

यांचं नाव मी कधी घेतलं नाही, इथंही घेत नाही.

सुलतानपूरला आमचा लहानसा मळा होता. वांगी, मिरची, मेथी, थंडीत कांदा. हे पहाटेच मोट धरायचे, दिवसभर वाफ्यांत वाकलेले असायचे आणि बाजाराला टोपल्या घेऊन लोणारला, कधी दुसरबीडला जायचे. घरात सासूबाई, दोन नणंदा, पुढं आमची तीन लेकरं. कमावणारे हे एकटे. पण दिवाळी सरली की गावातली माणसं देवळासमोर नाटक बसवायची आणि त्यात बाईचा पार्ट यांच्याकडंच असायचा. अंगानं सडपातळ होते. आवाज बारीक नव्हता, मऊ होता. बैलांमागं चालता चालता वाक्यं पाठ करायचे. मी भाकरी घेऊन गेले की मला धुऱ्यावरूनच, शेताच्या बांधावरूनच ऐकू यायचं. मला पाहिलं की गप्प व्हायचे.

नाटक मात्र मी पाहिलं नाही. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी सांगितलं, "नवऱ्याले लुगड्यात पाहाले कोनी जाते का?" त्या स्वतः जायच्या, पुढं बसायच्या आणि घरी आल्या की लेक कुठं चुकला, कुठं त्यानं बायांना रडवलं, सगळं मला सांगायच्या. त्या वाईट नव्हत्या. सुनेच्या मनातला नवरा नवराच राहावा, एवढंच त्यांना वाटत असावं. मी लेकराला मांडीवर घेऊन ओसरीत बसायची. देवळाकडून टाळ्या ऐकू यायच्या, शब्द कळायचे नाहीत. यांनीही कधी चल म्हटलं नाही. आईचा शब्द मोडणारे हे नव्हते, आणि तेव्हा मीही नव्हते.

एका वर्षी यांना राजाचा पार्ट मिळाला. सासूबाई आपणहून म्हणाल्या, की औंदा तू जाय. पण तेव्हा धाकट्याचे दिवस भरत आले होते. नाटक तोंडावर आलं असताना भाऊ बैलगाडी घेऊन आला आणि मला माहेरी घेऊन गेला. नाटक झाल्यावर चार दिवसांनी हे मला पाहायला आले तेव्हा मिशी चिकटवायच्या डिंकानं यांच्या ओठावर काळसर डाग राहिला होता. राजा मी तेवढाच पाहिला.

मग पाऊस हुकला. पुढच्या सालीही हुकला. विहिरीचा तळ दिसला, बैल विकले, आम्ही दोघं सरकारी कामावर खडी फोडायला गेलो. गावात नाटकाचं नाव कुणी काढलं नाही. सासूबाई त्याच सालात गेल्या. मळा भावकीच्या हवाली करून आम्ही खामगावला आलो. यांना जिनिंगमध्ये काम मिळालं, सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यात कापूस घालायचं. हंगाम संपला की तेलाच्या मिलमध्ये पोती उचलायची. घरी यायचे तेव्हा भुवया आणि कानावरचे केस रुईच्या तंतूंनी पांढरे झालेले असायचे. मी ओल्या फडक्यानं पुसायची. छातीत किती जात होतं, हे आम्हा दोघांनाही कळत नव्हतं.

काही वर्षांनी आमच्या वस्तीतल्या मंडळानं गणपतीत नाटक करायचं ठरवलं. यांना बापाचा पार्ट दिला. घरात पुन्हा वाक्यं ऐकू यायला लागली. आता मला पाहून हे गप्प होत नव्हते. पण लांब वाक्य आलं की मध्येच खोकला यायचा. तालमीतही तसंच व्हायला लागलं. शेवटी नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी तो पार्ट एका तरुणाला दिला आणि यांना पडद्याआडून वाक्यं सुचवायला बसवलं. मला सांगताना यांचा आवाज अगदी साधा होता.

"तू ये पाहाले. मी दिसनार नाही, पन तिथंच राहीन."

मी गेले. जन्मात पहिल्यांदा नाटकासमोर बसले, दोन्ही बाजूंना लेकरं. तो तरुण बरं काम करत होता. लेक सासरी निघते त्या जागी तो अडला. पडद्याआडून यांनी वाक्य सांगितलं. ते हळू सांगायचं असतं, पण यांना हळू म्हणता आलं नाही. माझ्या शेजारची बाई मान वळवून पडद्याकडं पाहायला लागली. तरुणानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, पण ऐकणारे तोवर रडून मोकळे झाले होते. मग आतून खोकला आला. पुढं बसलेली पोरं हसली.

सकाळी कामावर निघण्याआधी चहा पिताना यांनी विचारलं, "माहा आवाज आला का तुले?"

"आला," मी म्हटलं. "तेवढाच तं ऐकाले गेली होती मी."

"मागचा आवाज समोर येऊ देत नसते," हे म्हणाले. पण कप खाली ठेवताना हसत होते.

पुढच्या वर्षी मंडळानं यांना बोलावलं नाही.

डॉक्टरांनी कापसाचं काम सोडायला सांगितलं, थोरला कमावता झाला आणि आम्ही गावी परतलो. मळ्यात पुन्हा वांगी लावली. एका दुपारी मी म्हटलं, तो बाईचा पार्ट मला एकदा करून दाखवा, आता अडवणारं कुणी नाही. आधी नाहीच म्हणाले. समोर माणसं असल्याशिवाय होत नाही म्हणाले. मग खुरपं खाली ठेवून उभे राहिले, मान जराशी कलती केली, आणि मला हे खरंच कुणी दुसरेच दिसले. दोन वाक्यं झाली. दम लागला. बांधावर बसले ते बराच वेळ उठले नाहीत.

"पाठ सगळं हाय," म्हणाले. "दमच पुरत नाही."

यांना अवघड वाटेल म्हणून मी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. त्याच हिवाळ्यात हे गेले.

तेराव्याला गावातली म्हातारी माणसं ओसरीत जमली होती. एकेक जण यांचं काम आठवत होता. कुणी म्हणे राजा चांगला केला, कुणी म्हणे बाईच्या पार्टाला तोड नव्हती. शेवटच्या प्रवेशात हे कसे चालत आले, यावरून दोघांचं जुंपलं. तेव्हा कुणीतरी म्हणालं, "वयनीले विचारा ना, त्याहिले मालूम असन."

मी आत बसले होते. बाहेर गेले नाही.