साडीगार्ड काढलं तेव्हा

अकरा वर्षं मी मोटारसायकलवर एका बाजूला बसून काढली. दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर पर्स, पदर दातात. आमच्या गावापासून मानवत नऊ किलोमीटर. जाताना एका बाजूच्या बाभळी दिसायच्या, येताना दुसऱ्या बाजूच्या. समोरचा रस्ता तेवढा कधी दिसला नाही. समोर नवऱ्याची पाठ. तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? बसून बघा मग अकरा वर्षं.

मानवतच्या एका खासगी शाळेत मी शिकवते. प्रार्थना साडेसातला, आणि नवऱ्याची उठायची वेळ त्याच्या मर्जीवर. "शाळा काय पळून चालली का?" असं म्हणून तो कूस बदलायचा. शाळा नाही पळत, नोकरी पळते. मुख्याध्यापिकाबाईंनी दोनदा समज दिली होती. तिसऱ्यांदा उशीर झाला तर दुसरी बाई बघू, असं स्पष्टच म्हणाल्या. मी घरी स्कूटीचा विषय काढला. नवरा जेवता जेवता हसला. "गोठ्यात अण्णांची गाडी पडलीय की. ती चालव."

अण्णा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. त्यांची गाडी म्हणजे टाकीवर कोंबडी आणि सीटखाली उंदरांचं बाळंतपण. मी म्हणलं, चालवते. रागात बोलून जायचं आणि मग ते करूनच दाखवायचं, हा माझा अवगुण.

पुढचे तीन महिने एकही रविवार मी मोकळा सोडला नाही. अंगणात पोतं अंथरायचं, मोबाईलवर व्हिडिओ लावायचा आणि पाना घेऊन बसायचं. माझे पाय जमिनीला टेकत नव्हते, म्हणून सीटचा फोम विळ्यानं दोन बोटं कापला आणि वरून रेक्झिन शिवलं. मागचे शॉकप काढून भंगारातले आखूड बसवले. हँडल माझ्या हाताला येईल इतकं मागं घेतलं. शेवटी गर्द जांभळा रंग मारला. नवरा म्हणाला, "वांगं केलं की गाडीचं." मी म्हणलं, "तुम्हाला कुठं भाजी करून घालायलेय?" त्या दिवसांत माझ्या भाकरीला पेट्रोलचा वास यायचा आणि मला तो आवडायचा.

मामा बाजेवर बसून सूचना द्यायचे. गुडघा धरल्यामुळं त्यांनी गाडी सोडून सहा वर्षं झाली होती. तरी किक कुठं अडते, चोक किती ओढायचा, सगळं त्यांना पाठ. शेताच्या पांदीत काठी टेकत मागं मागं फिरून त्यांनीच मला चालवायला शिकवलं.

सगळ्यात शेवटी मी साडीगार्ड काढलं. डाव्या बाजूची ती जाळी आणि तिच्याखालची बायकांनी पाय ठेवायची पट्टी. नट गंजले होते, माझी सालटी निघाली, पण निघालं एकदाचं. मामा म्हणाले, "तुझी सासू पंधरा वर्षं हिच्यावर पाय ठिऊन हिंडली." सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या. मी म्हणलं, "मामा, आता ह्या गाडीवर कुणी एका बाजूला बसणार न्हाई." आणि ते गार्ड गोठ्यामागं भिरकावलं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. शाळा सुटल्यावर एकदा एकटीनं पाथरीच्या रस्त्याला लागायचं आणि गोदावरीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. कशाला? तिथं काही काम नव्हतं, म्हणूनच.

पहिल्या सकाळी ड्रेस घातला, हेल्मेट घातलं, किक मारली. दारात मामा उभे. धुतलेली टोपी, हातात पिशवी. "मला बी ने गं माय. मोंढ्यात कोण हाय, कोण गेलं, बघून येतो." गुडघ्यामुळं त्यांना टांग टाकता येईना. ते बसले एका बाजूला, बायकांसारखे. नवरा दात घासत बाहेर आला. "लय झ्याक झालं. रोज नेत जा त्यांना. मला कुठं येळ हाय?"

झालं! आगीतून निघाले आणि फुफाट्यात पडले.

मला आता उशीर होत नव्हता, हे खरं. पण मामा रोज यायचे. मोंढ्यात, धान्याच्या अडतींवर, अर्धा तास हिंडून झालं की शाळेच्या फाटकासमोरच्या हॉटेलात बाकड्यावर येऊन बसायचे. घंटा झाली की मला टोपी हलवून दाखवायचे. ती टोपी दिसली की माझा जीव घुसमटायचा. समोर रस्ता मोकळा, हँडल माझ्या हातात, आणि खांद्यावर त्यांचा हात. मामा माणूस सोन्यासारखा, म्हणून तर बोलताही येत नव्हतं.

पाय ठेवायला पट्टी नव्हती, त्यामुळं त्यांचे पाय अधांतरी लोंबायचे. चपला पडतात म्हणून ते हातात धरायचे. तक्रार एका शब्दानं केली नाही. दोन महिन्यांनी एका खड्ड्यात ते घसरलेच. मी कचकन गाडी थांबवली आणि तोंडातून निघून गेलं, "घरी बसायला काय होतं हो तुम्हाला?"

मामा उतरले. धोतर झटकलं. बाभळीकडं बघितलं. मग म्हणाले, "हितून समोरचं काईच दिसत न्हाई गं. नुसती तुझी पाठ."

"मी अकरा वर्षं तेच बघितलंय, मामा."

"मग तुझ्या सासूनं बी तेच बघितलं आसंल," ते म्हणाले. "मी कधी इचारलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी दारात कुणी नव्हतं. मामा बाजेवर, भिंतीकडं तोंड करून. "गुडघा लय दुखायलाय. तू जा एकटी." गुडघा दुखत नव्हता. त्यांची टोपी धुऊन दोरीवर वाळत होती, ती मी पाहिली; यायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं.

शाळा सुटली. बाकडं रिकामं. मी पाथरीच्या रस्त्याला लागले. काय सांगू, वारा नुसता तोंडावर! मी मोठ्यानं हसलेही. चार किलोमीटर गेले असेन. आरशात रोजची टोपी नव्हती, मागची सीट रिकामी होती. मग आठवलं, त्याआधी सहा वर्षं ह्या माणसाला गावाबाहेर कुणी नेलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेऊन मला मोकळं केलं होतं, आणि माझ्याच्यानं पुढं जाववेना. मी गाडी कडेला घेतली आणि रडले. त्यांच्यासाठी नाही, खोटं कशाला बोलू. पूल राहिला म्हणून रडले. मग गाडी वळवली.

संध्याकाळी गोठ्यामागून साडीगार्ड शोधून आणलं. मामा येऊन शेजारी बसले आणि एकेक नट माझ्या हातात देऊ लागले. पट्टी मी चार बोटं खाली घेतली, त्यांच्या गुडघ्याच्या मापानं. नवरा म्हणाला, "मग काढलं कशाला होतं?"

 मी शेवटचा नट आवळत होते. मामा हळूच म्हणाले, "एवढा ढिला ऱ्हाऊ दे. मी गेल्यावर काढायला सोपा जाईल."

मी तो सगळ्यात जास्त आवळला.