ओल्या हातमोज्यांचा वास

बर्फाच्या रिंकबाहेर लेकीनं हॉकीचे हातमोजे काढले, तसा शिळ्या घामाचा तो कुबट वास आला. नेमके तेव्हाच समोर सबनीससाहेब, आमच्या ह्यांचे जुने बॉस. "वहिनी, मुलींच्या हॉकीला पहिल्यापासून सपोर्ट आपलाच, हं!"

कसला डोंबलाचा सपोर्ट! इथं अबुधाबीत बायकांच्या आइस हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा नवी नवी भरायला लागली, तेव्हा बक्षिसं साहेबांच्या कंपनीची होती. सबंध मॅचभर साहेब माझी शाल गुंडाळून कुडकुडत बसले होते आणि वर म्हणत होते, "बायकांना झेपतं का हे?" शेवटी जिंकलेल्या टीमच्या ओठ फुटलेल्या कॅप्टनच्या हातात त्यांनी बक्षीस म्हणून गुलाबी हेअर ड्रायर ठेवला, तोही राज्य दिल्यासारखा हसत. तिनं भिंतीवरचा प्लग शोधला, ड्रायर लावला आणि साहेबांच्या नाकासमोर आपले भिजलेले हातमोजे वाळवायला घेतले. तो वास आणि साहेबांचं ते आंबट तोंड! तेव्हा मला नुसती गंमत वाटली होती. आज त्या बाईला वाकून नमस्कार करावासा वाटतो.

"मॉम, यल्ला, वी आर लेट," लेक इथल्या अरबी मैत्रिणींसारखी घाई करत म्हणाली.

मी तिचे हातमोजे घेतले आणि साहेबांच्या हातात ठेवले.

"मग एवढे वाळवून द्या," म्हटलं.