ताप गुरुवारी यायला हवा

पत्रक लिहायला मी कॉलेजात शिकले नाही, कंपनीच्या गेटवर शिकले. पहिली शिफ्ट सुटते आणि दुसरी आत जाते, त्या वीस मिनिटांत माणूस तुमच्याकडे बघतो किती वेळ? कागद घ्यायला हात पुढे येईपर्यंत. तेवढ्यात मथळा डोळ्यात घुसला पाहिजे. आमच्या संघटनेतल्या भाऊंनी मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, मथळा प्रश्नाचा हवा आणि खाली उत्तर तयार हवं. "वाचणाऱ्याला विचार करत उभं करू नकोस," ते म्हणायचे. "त्याची बस चुकते."

करोनाच्या दोन वर्षांत अशी पत्रकं मी ढिगानं लिहिली. 'टपरी बंद, मग कारखाना चालू कसा?' हे माझंच. दुसऱ्या लाटेत निगडीतला चहावाला अर्धं शटर वर केलं म्हणून दंडुका खायचा, आणि त्याच रस्त्यानं कंपन्यांच्या बसगाड्या माणसं कोंबून चाकणकडे सुसाट निघायच्या. विषाणू काय पास बघून चढत होता? 'गेटवर प्रत्येकाचा ताप तपासा!' हेही माझंच, कारण फणफणलेल्या माणसालाही मशीनवर उभं करत होते. ती मागणी मान्य झाली, गेटवर तापाची बंदूक आली, तेव्हा मी दोन दिवस हवेत होते.

मग लस आली. काही महिने गेले आणि मामाच्या कंपनीत नोटीस लागली: पुढच्या महिन्यापासून डोस न घेतलेल्याला गेट बंद.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. बीडकडून आला तेव्हापासून आमच्याच दोन खोल्यांत राहतो. चाकणला पत्रा दाबून गाड्यांचे सुटे भाग काढणाऱ्या एका कारखान्यात तो प्रेस चालवतो. तेव्हा अकरा वर्षं झाली होती त्याला, एकाच मशीनवर. आणि अकरा वर्षांनंतरही कंपनीच्या लेखी तो ठेकेदाराचा माणूस, कंपनीचा नाही. यावर मी वेगळं पत्रक लिहू शकते, लिहिलेलंही आहे.

लशीचं टोकन मिळायला लोक पहाटेपासून रांगा लावत होते आणि हे म्हणतात गेट बंद! मी त्याच रात्री लिहून टाकलं: 'माझ्या शरीरावर माझा हक्क. सर्टिफिकेट नाही म्हणून रोजी हिसकावणारे तुम्ही कोण?' त्याच वेळी मामानं डोस घ्यावा म्हणून मी घरात त्याच्या मागे हात धुऊन लागले होते. यात मला काही विसंगती वाटत नव्हती. आजही वाटत नाही. लस हवी आणि सक्ती नको, हे एका तोंडानं म्हणता येतं. घरात म्हणून बघा फक्त.

मामाकडे रोज नवं कारण असायचं. सोमवारी, सुईनं हात जड पडतो. मंगळवारी, गावाकडे एकाला लकवा मारला. बुधवारी, आपलं रक्तच गरम. मी प्रत्येकाला छापील उत्तर द्यायची, मुद्दा एक, मुद्दा दोन. तो जेवत ऐकायचा आणि आईला म्हणायचा, "आक्का, वाढ गं अजून."

गल्लीत तर प्रत्येक जिना स्वतंत्र दवाखाना झाला होता. एकाकडे गुळवेलीचा काढा उकळत होता. खालचा शिंपी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्यांच्या बाटल्या वाटत होता. समोरच्यानं जंतांच्या गोळ्यांची पाकिटं जमवली होती, कारण त्याच्या मेहुण्याचा कुणी साडू डॉक्टर होता म्हणे. शेजारच्या घरातल्या मुलानं वडिलांसाठी तीन दिवस शहरभर एक इंजेक्शन शोधलं होतं. ते मिळालं, वडील गेलेच. गल्लीत वाद पेटला की तो मुलगा आत जाऊन दार लावून घ्यायचा. त्याला कुणी कधी मत विचारलं नाही. मीही नाही.

नोटिशीतल्या मुदतीला तीन आठवडे उरले तेव्हा एका गुरुवारी मी मामाला ओढतच महापालिकेच्या शाळेत नेलं. आमच्या पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांना रविवार नसतो, सुट्टी गुरुवारी. रांग फाटकाबाहेर गेली होती. ती अर्धी सरकली. मग मामानं खिशातून घडी केलेला कागद काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचायला लागला.

"माझ्या शरीरावर माझा हक्क. हे कुणी लिव्हलंय, बाई?"

"मामा, पुढं सरक."

"न्हाई, सांग की. खाली तुझ्याच संघटनेचं नाव हाय."

पुढचा एक जण वळला. "ताई, मामा पॉइंटाचं बोलतोय राव!"

"मग तुम्ही का उभे आहात रांगेत?" मी म्हटलं.

"मला कंपनीनं धाडलंय. आपल्याला कुठं शरीर आहे, ताई? आपल्याला पंचिंग कार्ड आहे."

हशा झाला आणि त्या हशातूनच भांडण उभं राहिलं. कुणी म्हणालं, सगळा धंदा आहे. कुणी म्हणालं, मग पोलिओचा पण धंदाच का? कुणी सरकारला शिव्या घातल्या, कुणी शिव्या घालणाऱ्याला. मी अर्थात सगळ्यांना उत्तर देत होते. शेवटी मागून एक बाई शांतपणे म्हणाली, "माझी सासू गेली यात. गप उभे राहाल का जरा?"

मामानं कागदाची घडी केली, खिशात घातली आणि टोकनाच्या टेबलापर्यंत चारच माणसं उरली असताना तो रांग सोडून चालू पडला.

मी इतकी संतापले होते की घरी येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. आणि बोलत नव्हते म्हणूनच असेल, मला तो ऐकू आला. जिन्यात शिंप्याची बायको भेटली, तिनं आदल्या आठवड्यात डोस घेतला होता. मामानं तिला विचारलं, "वहिनी, ताप किती दिवस राहिला?" दूधवाल्याला विचारलं, "दोन दिवस? का तिसऱ्या दिवशी बी व्हता?" मग मला आठवलं, डोस घेऊन आलेल्या प्रत्येकाला तो एवढंच विचारत होता. दुखलं का, चक्कर आली का, काही नाही. किती दिवस. ज्या माणसाला लस खोटी वाटते तो तापाचे दिवस कशाला मोजेल?

दुपारी तो मोरीत युनिफॉर्म घासत बसला होता. मी उंबऱ्यावर बसले.

"मामा, ताप किती दिवस राहिला की तुझी अडचण होते?"

उत्तर माहीत नसलेला प्रश्न मी त्याला पहिल्यांदाच विचारत होते. त्यानं ब्रश खाली ठेवला.

"डोस घेतला की ताप येतो. ताप असला की गेटावर बंदूक दाखविती. दाखविलं की गार्ड माघारी लावतो. माघारी लावलं की खाडा. दोन खाडे लागोपाठ पडले की ठेकेदार दुसरा माणूस उभा करतो. प्रेस रिकामी ठेवीत न्हाई तो. आमच्या लायनीतल्या एकानं गुरुवारी डोस घेतला. शुक्रवारी माघारी, शनिवारी माघारी. रविवारी गेला तर त्याच्या प्रेसवर नवं माणूस. डोस न्हाई घेतला तर म्हैन्याअखेरीला जाईन. घेतला तर ह्याच आठवड्यात. म्हैना तर मिळतोय की."

दोन्ही नियम त्याच गेटवर उभे होते. एकाविरुद्ध मी लिहिलं होतं. दुसरा मी भांडून आणला होता. खाड्याचं मात्र माझ्या कुठल्याच पत्रकात नव्हतं, कारण तो नियम कुठल्या नोटिशीत नव्हता.

"मग लकवा, गरम रक्त, हे कामून सांगत होतास?" मीही त्याच्यासारखी बोलायला लागले होते.

"भ्यालो म्हणलं तर माणसं हसून सोडून देतात. अडलोय म्हणलं की खोदून इचारतात."

"मला तरी सांगायचंस."

"तुला?" तो खरंच हसला. "तुला सांगितलं असतं तर सोमवारी गेटावर छापून आलं असतं. 'प्रेस शॉपच्या कामगाराचा सवाल!' आन ठेकेदाराला काय ठावं न्हाई, कुणाची भाची पत्रकं वाटती ते?"

आतून आई म्हणाली, "मला सांगितलं होतं त्यानं."

"मग तू का नाही बोललीस?"

"तू घरात आल्यापासून बोलत असतेस. आमचा नंबर कधी लागतो?"

खरं सांगते, तेवढ्यातही माझ्या डोक्यात मथळा तयार झाला होता. चांगला होता. मामा माझ्या चेहऱ्याकडे बघत होता आणि त्याला तो दिसत होता. मी म्हटलं, नाही लिहीत. हे आज लिहिते आहे, कारण तो ठेका आता त्या ठेकेदाराकडे नाही आणि मामानं हो म्हटलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच शाळेत गेले. लस टोचणाऱ्या सिस्टर दुपारचा डबा खात होत्या. एरवी मी त्यांना केंद्राच्या गैरसोयींवर चार मुद्दे ऐकवले असते. त्या दिवशी विचारलं, मामाला आणायचंय, चाकणला कामाला आहे तो, हा ताप नेमका कधी चढतो आणि कधी उतरतो?

"तुमची सुट्टी गुरुवारी ना?" त्या म्हणाल्या. "माझे मिस्टर भोसरीत आहेत, मला माहितीये. बुधवारी संध्याकाळी आणा त्यांना. रात्री चढतो, दुसऱ्या दिवशी असतो, तिसऱ्या दिवशी बहुतेकांचा नसतो. बहुतेकांचा, हं. लिहून देणार नाही."

"पण टोकनं तर सकाळीच संपतात."

"एका बाटलीत दहा डोस. उघडली की चार तासांत संपवायची, नाहीतर टाकून द्यायची. शेवटच्या बाटलीत दोन-चार उरतातच. पाच वाजता मी माणसं शोधत फिरते हो. पाचच्या आत आणा."

इतके महिने मी त्या केंद्राविरुद्ध लिहीत होते आणि मला बाटलीत किती डोस असतात हे माहीत नव्हतं.

बुधवारी मामाची पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली. तळवड्याच्या चौकात बस अडकली. मी शाळेच्या फाटकात, सिस्टर घड्याळाकडे बघतायत. पाचला पाच कमी असताना मामा धावत आला, बाही वर करतच.

गुरुवारी दोन चादरींखाली तो कुडकुडत होता आणि खूश होता. "चढला बरं का, आक्का! येळेवर चढला." संध्याकाळी एकशे एक होता. शुक्रवारी पहाटे नव्याण्णवच्या थोडा वर. उतरला म्हणावा तर उतरला, नाही म्हणावा तर नाही. मी बसथांब्यापर्यंत येते म्हटलं. "येऊ नको. बसमधले तुला वळखतात," म्हणाला आणि गेला.

आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. माघारी लावलं तर सातपर्यंत त्याचा फोन येणार होता. नाही आला तर तो मशीनवर. मी आणि आई मधे फोन ठेवून बसलो. सातला तीन मिनिटं असताना वाजला. आईनं डोळे मिटले.

संघटनेचे भाऊ होते. "पत्रकाचा मजकूर कुठाय?"

"नाही लिहिला."

"विषय नाही सापडला?"

"सापडला. लिहायचा नाहीये."

"असला कसला विषय?"

मी फोन ठेवला. सव्वासात झाले, पावणेआठ झाले. फोन गप्प होता. आई उठली आणि तिनं कणीक भिजवली.

पाचला मामा आला तो दारातूनच ओरडला, "चौतीस!"

"काय चौतीस?"

"बंदुकीत सदतीस म्हंजे धडधाकट, मला चौतीस दाखवलं. गार्ड मनगटावर धरतो. म्या निगडीपासून हात खिडकीबाहेर ठिवला होता वाऱ्यात. चौतीस म्हंजे मेलेला माणूस की! गार्ड म्हणला, जा पुढं."

आई हसून हसून खाली बसली. मीही हसले. आणि मग माझ्या डोक्यात तिडीक उठली. त्या बंदुकीसाठी मी उन्हात उभी राहिले होते, आणि ती आजाऱ्याला मेलेला म्हणून आत सोडत होती. खाड्याचा नियम तर तसाच राहिला. आजही कुठे लिहिलेला नाही, म्हणून तो कुणी फाडूही शकत नाही. एक मामा निसटला म्हणून मी त्याला विजय म्हणणार नाही.

पुढच्या बुधवारी मामा त्याच्या लायनीतले चौघे घेऊन आला. "छापायचं न्हाई," चौघांनीही आधी मला बजावलं. सिस्टरनी बाटली उजेडात धरली. पाच डोस होते. चौघांचं झालं, एक उरला. पाचला दहा मिनिटं होती. सिस्टर काही म्हणायच्या आत मामा फाटकाबाहेर गेला आणि भाजी विकावी तसा ओरडायला लागला, "एक डोस उरलाय! घेतंय का कुणी?"

लोक बघून पुढे जात होते. फुटपाथला लागून हातगाडीवर एक बाई कणसं भाजत होती. तिनं पुठ्ठ्यानं निखाऱ्यांना वारा घालत विचारलं, "ताप येतो का?"

माझ्याकडे अख्खं पत्रकभर उत्तर होतं. मी तोंड उघडलंही होतं.

"येतो," मामा म्हणाला. "एक दिवस तर येतोच. दोन बी राहतो कुणाला. उद्या गाडी लावायचीच हाय का तुला?"

तिनं विचार केला. "उद्या नाय लावली तर चालंल. पर आता ही कणसं कोण बघणार?"

मामानं तिच्या हातातला पुठ्ठा घेतला. "म्या भाजतो. पळ, पाच वाजायलेत."