वर कळुगु फिरतायत

बाबा वारल्याचं मला ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, बँकेत, फोनवर कळलं.

फोन मामींचा होता. मामी (नात्यातल्या नव्हेत, तिकडे शेजारणीला मामीच म्हणतात) वेलचेरीत आमच्या समोरच्या इमारतीत राहत आणि माझ्याशी मुद्दाम सावकाश तमिळ बोलत, मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. मला समजलं ते असं: "तंबी, अप्पा गच्चीवर पडलेत. हाका मारल्या, हलत नाहीत. अंगावर पांढरं धोतर आहे. वर कळुगु फिरतायत."

कळुगु! मी तमिळ पुस्तकातून शिकलो होतो (माणसांशी बोलून शिकायची मला भीती वाटे), आणि माझ्या वहीत कळुगु या शब्दापुढे 'गिधाड' एवढंच लिहिलेलं होतं. तमिळ माणूस गरुडालाही कळुगुच म्हणतो, हे वहीत नव्हतं.

वेलचेरीला तेव्हा रेल्वे पोचली नव्हती. गिंडीहून शेअर ऑटोत आम्ही नऊ जण कोंबलेले. बाबा निवृत्तीनंतर सांगलीहून माझ्याकडे आले ते माझ्यासाठी, असं मी समजत होतो. आले होते पक्ष्यांसाठी! ऑक्टोबरात उत्तरेकडचे शिकारी पक्षी खाली सरकतात. आमच्या मागच्या दलदलीवर भोवत्या नावाचा, घारीसारखा दिसणारा पक्षी येतो, आणि बाबा दिवसभर मान वर करून उभे. मान धरली. डॉक्टरांनी वर बघायला बंदी केली. सकाळी निघताना मीही बजावलं, "बाबा, आता पुरे झाले ते पक्षी."

हेच माझं त्यांच्याशी शेवटचं बोलणं. मोबाइल काढायला मी डबा शेजारच्या बाईंच्या हातात दिला. त्याच भरात मी सांगलीला आत्याला फोन लावला आणि तिचा भाऊ गेल्याचं सांगून टाकलं. (न बघता, न विचारता. लिहिलेल्या शब्दावर माझा फार विश्वास.)

चार जिने. गच्चीचं दार. चटईवर बाबा उताणे, हनुवटीपर्यंत धोतर, आणि कापूस. मी त्यांच्या शेजारी कोसळलो.

"हळू," बाबा कुजबुजले. "मादी आहे."

मान वर करायची नव्हती, म्हणून ते आडवे झाले होते. धोतर उन्हासाठी. कापूस वाऱ्यासाठी, आणि तो कानात होता, म्हणून मामींच्या हाका पोचल्या नव्हत्या. त्या मामींना आता समोरून दोन माणसं पडलेली दिसली आणि त्या किंचाळत वॉचमनकडे धावल्या.

मी बाबांचा हात धरला. तो गरम होता. मी तो सोडेना, तेवढ्यात मोबाइल वाजला. आत्या. बाबांनीच उचलला, कानातला कापूस काढला आणि म्हणाले, "हं, बोल."

तीन वर्षांनी बाबा खरोखर गेले, घरात, बिछान्यात. नाडी मी बघितली, डॉक्टरांनी बघितली, मगच आत्याला फोन केला. ती म्हणाली, "नीट बघितलंस ना रे? एकदा परत बघ."

मी परत जाऊन बघितलं.

आता दर ऑक्टोबरात गच्चीवर मी आडवा होतो. भोवत्या कुठला आणि साधी घार कुठली, मला अजून कळत नाही.