बंगल्यामागची मेंढरं

ताम्हिणीच्या वरच्या अंगाला धनगरांची मोजकी घरं आहेत. त्या वाडीत भागूबाई आणि जोतिबा या नवरा-बायकोचं एकही बोलणं कुणाला चुकत नसे. कालवणात मीठ जास्त पडलं, शेळी लंगडतेय, लेकाचा फोन आला नाही, सगळं सगळ्यांना ठाऊक. जोतिबाचे कान गेले तेव्हापासून भागूबाई त्याच्याशी ओरडूनच बोलायची. त्याला स्वतःचाही आवाज ऐकू येत नसे, म्हणून तोही ओरडायचा. सरकारी शिबिरात त्याला कानाचं यंत्र मिळालं होतं. कानात रातकिडा बसल्यागत होतंय म्हणून त्यानं ते काढून ठेवलं, ते ठेवलंच.

लेक सूरज हिंजवडीत कंपनीची बस चालवतो. तिथंच जवळ जांबे गावात भाड्याच्या खोलीत राहतो. नोकरी पक्की झाली तेव्हा त्यानं आईबापाला टीव्ही आणून दिला आणि छपरावर डिशची छत्री बसवली. दिवेलागणीला एक मालिका लागायची. जोतिबा घोंगडीवर बसायचा आणि भागूबाई त्याच्या उजव्या हाताला, कारण उजव्या कानात थोडी धुगधुगी होती. टीव्हीतलं माणूस बोललं की ती ते त्याच्या कानात पुन्हा बोलायची. बाई बोलली तर त्याच्या गुडघ्यावर एक थाप, गडी बोलला तर दोन. थाप पडली की जोतिबा म्हणायचा, "हं."

हा हुंकार तिच्या माहेरचा. तिचा बाप ओव्या गायचा आणि मधे मधे गोष्ट सांगायचा. हुंकार देणारा नसला तर तोंड उघडायचा नाही. म्हणायचा, हुंकाराबिगर गोष्ट रानात चुकती.

पावसाळ्यात छत्री कामाची नव्हती. ताम्हिणीचा पाऊस लागला की पडद्यावर नुसती निळी पाटी राहायची. जोतिबा विचारायचा, आता काय झालं? मग भागूबाई आपल्या मनानं पुढं सांगायची. पाऊस उघडला की मालिका भलतीकडेच गेलेली असायची. तिला ओढून पुन्हा वाटेवर आणावं लागे. कधी कधी भागूबाई ती आणत नसे.

अशाच एका पावसाळ्यात मेंढरं विकली. चरायच्या माळावर फार्महाऊसांची कुंपणं आली होती आणि जोतिबाचे गुडघे सुजले होते. व्यापाऱ्यानं टेम्पो लावला. जोतिबानं एकेक मेंढरू स्वतः उचलून चढवलं. त्यानंतर तो जेवायला बसायचा आणि भाकरी तशीच ठेवून उठायचा. टीव्हीपुढं बसायचा, पण हुंकार देत नव्हता.

मालिकेत बंगल्यातला एक म्हातारा होता, अण्णा नावाचा. त्याच्या मुलांनी त्याला वृद्धाश्रमात नेऊन टाकलं. थोड्या दिवसांत तो तिथं वारला. भागूबाईनं पडद्याकडं पाहिलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. आणि त्याच्या कानात ओरडली, "अण्णा बंगल्यामागं ऱ्हायला गेला. मेंढरं घेतली त्यानं."

जोतिबानं मान वळवली. "किती?"

"मोजली न्हाईत. पर लई हायेत."

दुसऱ्या दिवशी त्यानं आपणहून मेंढरांचं विचारलं. तिथून मेंढरं वाढत गेली. एक आखूड कानांची मेंढी होती, तिला सगळे रंगी म्हणत. एक एडका माजोरी होता. कधी लांडगा यायचा. जोतिबा अण्णाला सल्ले द्यायचा. पावसात खुरं सडतील, कोरड्या जागी बसव म्हणावं त्याला. भागूबाई म्हणायची, सांगते. एकदा त्यानं विचारलं, की ती मेंढरं दाखवत का न्हाईत? तिनं सांगितलं, क्यामेरा पाठीमागं जात न्हाई, शहरातल्या लोकांना वास सोसत न्हाई. जोतिबाला ते पटलं.

त्या रात्री तो दोन भाकरी जेवला. पुढं वर्षं गेली. मेंढरं बंगल्यामागंच राहिली.

मग यंदा जोतिबानंच विषय काढला. रस्त्यालगतच्या ढाब्यावर तो चहाला गेला होता. तिथं ढाबेवाल्याचा म्हातारा बाप कानांवर मोठ्या वाट्या घालून टीव्ही ऐकत होता. छत्री नव्हती. टीव्हीशेजारी काळा डबा होता आणि त्यातून नेटवर सगळं दिसत होतं. सूरज आला तेव्हा जोतिबा त्याला म्हणाला, मला तसलं आण. माझं मी ऐकीन.

भागूबाई पीठ मळत होती. तिचे हात थांबले. माझं मी ऐकीन. म्हणजे आपलं सांगणं ह्याला पुरेनासं झालं. तिनं पिठात पाणी जास्त घातलं आणि दुसऱ्यावर राग काढावा तसं ते पुन्हा मळलं.

खरेदीला सूरजची बायको करिष्मा गेली, कारण सूरज दुकानात गेला की पहिली वस्तू घेऊन येतो. पौडच्या दुकानदारानं आधी अंगठ्याएवढी कांडी दाखवली. ही टीव्हीच्या मागं खुपसायची, स्वस्त आणि मस्त. सूरज पैसे काढायला लागला. करिष्मानं त्याचा हात धरला. सासऱ्याचं घर दगडी भिंतींचं, टीव्ही कोनाड्यात. तिथं वाऱ्यावरचं नेट पोचेल का? कानातलं जोडता येईल का? रिमोटला बटणं किती? दुकानदार म्हणाला, त्यापेक्षा नवा टीव्हीच घ्या.

"टीव्हीला ऐकू येतंय," करिष्मा म्हणाली. "आमच्या मामांना येत नाही."

शेवटी तिनं डबा घेतला. त्याला नेटची वायर थेट लागत होती आणि बटणं कमी होती. ढाब्यापर्यंत आलेली वायर खांबांवरून घरापर्यंत ओढली. सूरजनं डबा कोनाड्यात बसवला. करिष्मानं रिमोटच्या मधल्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. हे दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की थांबतं, एवढं तिनं सासऱ्याला खुणांनी शिकवलं. मग त्याच्या कानांवर वाट्या चढवल्या आणि आवाज वर नेला.

जोतिबा दचकला. मग पडद्यावरच्या बाईकडं बघून त्यानं नमस्कार केला. सगळे हसले. भागूबाईही हसली.

"आत्या, आणि मालिकेचे पहिल्यापासूनचे भाग आहेत ह्यात," करिष्मा सासूला म्हणाली. "एकपण गेलेला नाही. सगळे जपून ठेवलेत."

भागूबाईनं डब्याकडं पाहिलं. जे पावसात वाहून गेलं असं ती समजत होती ते सगळं त्या डब्यात होतं. करिष्मानं सासऱ्याला खुणेनं विचारलं, कुठून लावू?

"पयल्यापासून," जोतिबा म्हणाला.

तेव्हापासून घर गप्प झालं. दुपारी शेळ्या झाडाखाली बसल्या की जोतिबा वाट्या घालून बसायचा. भागूबाई चुलीपाशी बसायची. गुडघ्यावर थाप द्यायला हात उठायचा, तो ती पदराला पुसायची. दारातून पडदा दिसत होता. अण्णा अजून जिवंत होता. त्याच्या मिशा अजून काळ्या होत्या. कुणाच्या अंगावर कुठलं लुगडं होतं हे तिला पाठ होतं, त्यावरून तिला कळायचं, की ते मरण किती लांब आहे. रोज ते जवळ येत होतं. त्या दिवशी जोतिबाला कळणार होतं, की मेंढरं नव्हतीच. बायकोनं वर्षानुवर्षं तोंडावर खोटं सांगितलं आणि आपण खुळ्यासारखा हुंकार दिला.

शेजारच्या साळूबाईनं पाणवठ्यावर तिला गाठलं. "भांडलायसा व्हय गं? तुमच्या घरातनं आवाजच येईना. माझी झोप उडाली."

भागूबाई म्हणाली, डबा आणलाय.

"मग त्याला म्हनावं, वरड जरा."

एका दुपारी पडद्यावर अण्णाच्या मुलांनी गाडीत त्याची ट्रंक ठेवली. भागूबाई उठली आणि शेळ्यांकडं गेली. तिथं तिनं गरज नसताना गोठा झाडला. पुन्हा झाडला. तोवर आत भागामागून भाग सरले. परत आली तेव्हा जोतिबानं लाल ठिपका दाबलेला होता. पडदा थांबला होता. भिंतीवर अण्णाचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार. वाट्या जोतिबाच्या मांडीवर होत्या.

काय सांगायचं ते तिनं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काही आठवलं नाही. ती उंबऱ्यातूनच ओरडली, "मेंढरं न्हवती त्यात. मीच घातली. अण्णा तवाच मेला व्हता."

बाहेर शेळ्या बिचकल्या. समोरच्या दारातून साळूबाईनं डोकं बाहेर काढलं.

"ठावं हाय मला," जोतिबा म्हणाला.

भागूबाईला कळेना.

"हार घातल्याला फोटू रोज दिसायचा की. जिन्यापाशी. कान गेल्यात माझं, डोळं न्हाई."

ती त्याच्या उजव्या हाताला खाली बसली. खरं होतं. तो फोटो त्या बंगल्यात रोज होता. लग्नाच्या प्रसंगात होता, बारशाच्या प्रसंगात होता. इतकी वर्षं ती त्याच्या कानाकडं बघून बोलत आली होती. त्याच्या डोळ्यांचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"मग हुंकार कशापायी दिलासा?"

जोतिबानं पडद्यावरच्या फोटोकडं पाहिलं. "न्हाई दिला असता, तर मेंढरं कुनी राखली असती?"

भागूबाईनं कोनाड्याकडं हात केला. मग ह्यो डबा कशाला मागितला? हे तिनं विचारलं नव्हतं, नुसतं दाखवलं होतं. जोतिबानं फळीवरच्या पेल्याकडं बोट केलं. मिठाच्या पाण्याचा पेला.

"सकाळ-संध्याकाळ गुळण्या करतीस. गळ्याला हात लावून बसतीस. मला दिसत न्हाई व्हय?"

पौडच्या डॉक्टरनं तिला सांगितलं होतं, ओरडणं बंद करा, आवाज कायमचा जाईल. तिनं ते नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर तेही ओरडूनच सांगावं लागलं असतं.

जोतिबानं वाट्या उचलून खुंटीला अडकवल्या. त्या दिवशी डबा पुन्हा लागला नाही. दोघं दारात बसून राहिली. त्याला तिची गोष्ट हवी होती आणि तिचा गळाही हवा होता. दोन्ही एका वेळी कसं मिळणार, हे दोघांनाही उमजत नव्हतं.

रविवारी सूरज आणि करिष्मा आली. जोतिबानं लेकाला डब्यापुढं उभं केलं. डबा चांगला आहे, म्हणाला. पर एक कर.

"ह्यात तुझ्या आयला घालता येती का बघ."

सूरज पोट धरून हसला. साऱ्या वाडीनं ते ऐकलं आणि वाडीही हसली असेल. करिष्मा मात्र हसली नाही. ती सासूकडं बघत राहिली. मग तिनं पर्समधून आपला जुना मोबाईल काढला. बराच वेळ त्यात काहीतरी शोधत बसली. खुंटीवरच्या वाट्या काढून सासऱ्याच्या कानांवर घातल्या आणि त्या डब्याऐवजी मोबाईलला जोडल्या. टीव्हीचा आवाज बंद केला. चित्र चालू ठेवलं. मोबाईल तिनं भागूबाईच्या हातात दिला.

"आता ह्यात बोललेलं मामांच्या कानात मोठं होऊन जातंय. आत्या, ओरडू नका. नुसतं शेजारी बसल्यागत बोला."

शेजारी बसल्यागत कसं बोलतात, ते भागूबाई विसरली होती. तिनं मोबाईल तोंडापाशी धरला. घसा साफ करायला खोकली.

"खोकली," जोतिबा म्हणाला. आणि दचकला. स्वतःचा आवाजही त्याच्या कानात गेला असावा. कारण पुढचं तो हळू बोलला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "सांग."

सूरजनं बायकोला खुणावलं. दोघं चुलीपाशी चहा करायला गेली.

पडद्यावर एक सून जिन्यात रडत होती. पाठीमागं हाराचा फोटो होता. भागूबाईनं सवयीनं जोतिबाच्या गुडघ्यावर थाप दिली. काहीतरी म्हणाली. ओठ हलले, एवढंच.

"हं," जोतिबा म्हणाला.

पुन्हा थाप. पुन्हा हं. पडद्यावरची सून रडायची थांबली आणि कुणीतरी गाडीतून उतरलं. भागूबाईची गोष्ट अजून मागंच होती. जोतिबानं लाल ठिपका दाबला. गाडी दारात थांबली, माणूस एक पाय बाहेर टाकून तसाच राहिला. छत्री कुणासाठी थांबायची नाही. डबा थांबला.

"रंगी व्याली का?" त्यानं हळूच विचारलं.

साळूबाई दारावरून चालली होती. ती जरा रेंगाळली, मग भिंतीला कान लावला. आत कुणीतरी बोलत होतं आणि कुणीतरी हं म्हणत होतं. काय चाललंय, ते मात्र तिला कळेना.