लाकडाचं गाव

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं कुणी विचारलं तर मी बाळकुमच्या सदाभाऊंचं नाव घेतो. दीड महिन्यापूर्वी ते गेले. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. मुरबाडहून ठाण्याला कॉलेजात आलो तेव्हा तीन वर्षं त्यांच्याकडे राहिलो. ते कळव्याच्या लाकडाच्या वखारीत कामाला होते. साग आला की फळी नाकाशी धरून सांगायचे, हा डांगचा, हा मलबारचा. दाराला कुठला आणि खिडकीला कुठला, हे ते झाडाच्या गावावरून ठरवायचे.

पुढे मला नाशिककडच्या एका वायनरीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. नवाच होतो. एकच वाइन ओक नावाच्या विलायती लाकडाच्या दोन पिंपांत मुरत ठेवली होती; एकीला लवंगेसारखा वास, दुसरीला खोबऱ्याचा. दुसरी बिघडली, ओतून द्यावी, असा अहवाल मी लिहिला. तो सोमवारी द्यायचा होता. रविवारी बाळकुमला गेलो, तेव्हा त्या पिंपांच्या आधीच्या दुरुस्तीत निघालेले फळ्यांचे दोन तुकडे सहज दाखवायला नेले, खोबऱ्याच्या वासाचं आणि अहवालाचंही सांगितलं...

सदाभाऊंनी ओक कधी पाहिला नव्हता. पिंपं आतून भाजलेली असतात; ती जळकी बाजू तासून त्यांनी दोन्ही तुकडे हुंगले, कडेच्या रेषांवर नख फिरवलं. "हे सावकाश वाढलंय, रेषा बघ किती दाट. हे भराभर. दोन गावची झाडं आहेत रे ही."

दोन्ही ओकच आहेत काका, मी म्हणालो.

"अरे सायन्सवाल्या, खोबरं लाकडातच आहे. वाइनला कशाला फाशी देतोस?"

परत जाऊन कागद पाहिले. एक पिंप फ्रान्सच्या ओकचं होतं, दुसरं अमेरिकेच्या. अमेरिकन ओक वाइनला खोबऱ्याचा वास देतो, हे मग पुस्तकातही सापडलं. मी अहवाल फाडला; वाइन वाचली, बहुधा नोकरीही. वास लाकडाचा आहे हे कुठून कळलं, असं साहेबांनी विचारलं. पुस्तकातून, मी म्हणालो. वखारीतल्या माणसाचं नाव घ्यायची लाज वाटली. पुढे साहेब निवृत्त झाले, तरी ते सांगायचं राहूनच गेलं.

तेराव्याला काकूंनी ते दोन तुकडे माझ्या हातात ठेवले. सुतळीनं बांधलेले, मध्ये मी त्या वेळी काकांना लिहिलेलं पत्र. सदाभाऊ ते दर दिवाळीला सुनेकडून वाचून घ्यायचे म्हणे.

"तीर्थरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं बरोबर निघालं, झाडं दोन देशांची आहेत. साहेबांना मात्र मी पुस्तकातून कळलं म्हणून सांगितलं. ते खोटं आहे. येत्या सोमवारी तुमचं नाव सांगतो."