तपासणी : संजीवनी राऊत, अमडापूर

रंगराव राऊतांची संजीवनी पोटापाण्यासाठी नेमकं काय करते, हे अमडापुरात कुणालाच धड सांगता येत नसे. कुणी म्हणे कंप्युटरवर बसते, कुणी म्हणे कंपनीत आहे पण जात नाही. खरं तर काम सरळ होतं. फवारणीच्या औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला जो कागद आपण न वाचता बांधावर भिरकावतो, तो ती इंग्रजीतून मराठीत आणायची. चौदा वर्षं तिने हेच केलं. पुण्यातली एक अनुवाद एजन्सी तिला काम पाठवायची, आणि ही बाई त्या भिरकावायच्या कागदावर असा जीव टाकायची की पाहणाऱ्याने कपाळाला हात लावावा.

चिखलीला इंग्रजी घेऊन ती बी. ए. झाली, मग लग्न झालं. ते चार वर्षांत मोडलं आणि ती बापाच्या दोन एकर भाजीपाल्यात परत आली. तिची कामाची रीत या वावरातच ठरली. मजकूर झाला की कागद घेऊन वांग्याच्या ताटव्यात जायचं आणि वाकून काम करणाऱ्या रंगरावांना वाचून दाखवायचं. ते मधेच "म्हंजे?" म्हणाले की ते वाक्य बाद. घरी येऊन पुन्हा लिहायचं. रंगराव सातवी शिकलेले, पण एजन्सीतल्या कुठल्याही संपादकापेक्षा कडक.

एकदा तिने वाचलं, "कापणीच्या सात दिवस आधी फवारणी बंद करावी." रंगराव कंबरेवर हात ठेवून उभे राहिले आणि हसायलाच लागले.

"वांगं काय कापतेत का व? ते का ज्वारी हाये? कापतेत चुलीपाशी, वावरात तोडा असते. असं लिहिशीन तं लोक समजतीन, झाड उपटाच्या वक्ताची गोष्ट हाये. आज फवारतीन अन् उद्या तोडतीन."

संजीवनीने ते वाक्य तिथेच खोडलं. इंग्रजीत गव्हाच्या कापणीलाही एकच शब्द, हार्वेस्ट, आणि वांग्याच्या तोड्यालाही तोच. मराठीत तो एक शब्द चुकला तर विष ताटात येतं. त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक कागदात आलं : "प्रत्येक तोड्याच्या आधी सात दिवस फवारणी करू नये." त्यातल्या 'प्रत्येक' या शब्दाचा तिला कुणाला न सांगितलेला अभिमान होता.

मग अनुवाद करणारं यंत्र आलं. एजन्सीने काम कमी केलं, नंतर बंदच केलं, आणि बंद केल्याचं सांगण्याची तसदीही घेतली नाही. दोन वर्षं संजीवनीने एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांचे अर्ज टाइप केले. तिथे ती कुणाशी फारसं बोलत नसे.

आणि एक दिवस एजन्सीतल्या मनालीचा फोन आला. मनाली ही तिकडची काम वाटणारी मुलगी, गोड बोलणारी आणि कायम घाईत.

"ताई, गुड न्यूज! युरोपात एआयबद्दल कायदा झालाय. आपले क्लायंट तिकडचेच ना, त्यांचे वकील घाबरलेत. यंत्राने केलेला कुठलाच मजकूर आता माणसाने तपासल्याशिवाय ते घेणार नाहीत. खाली तपासणाऱ्याचं नाव आणि गाव छापायचं. माणूस लागणारच, ताई!"

संजीवनीला रडू आलं. सात समुद्रांपलीकडे कुणीतरी बसून ठरवलं होतं की माणूस लागतो. रंगराव मात्र आनंदले नाहीत. "यंत्राले पकडून नेता येत नाही," एवढंच म्हणाले आणि विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले. ती त्यांच्यावर चिडली. म्हातारपणात माणसाला चांगलं बघवतच नाही, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

काम सुरू झालं आणि तिचा चेहरा उतरत गेला. पूर्वी आठवड्याला जेवढी पानं यायची तेवढी आता दुपारच्या जेवणाआधी यायची. पडद्यावर यंत्राची मराठी, आणि खाली एक बटण : 'तपासले, योग्य आहे.' बाजूला शेरा लिहायला एक चौकट. त्या चौकटीतले शेरे कोण वाचतं, हे मनालीलाही ठाऊक नव्हतं. पाच मिनिटं बटण दाबलं नाही की पान लाल होऊ लागायचं. ताटव्यात जाऊन वाचून दाखवणं तर लांबच, पाणी प्यायला उठायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी भाजीपाल्यावरच्या कीटकनाशकाचं माहितीपत्रक आलं. त्यात ते वाक्य होतं. "कापणीच्या सात दिवस आधी फवारणी बंद करावी." तिने 'कापणी' खोडून 'प्रत्येक तोडा' लिहिलं. पडद्याने ते पुसलं आणि पुन्हा 'कापणी' आणलं. तिने पुन्हा लिहिलं, ते पुन्हा पुसलं गेलं. तिने मनालीला फोन लावला.

"ताई, यंत्र ज्यातून शब्द घेतं तो शब्दकोश क्लायंटने मंजूर केलाय, तो लॉक आहे. एक शब्द बदलला तर पुन्हा मंजुरी, पुन्हा वकील. हंगाम निघून जाईल."

"अहो, पण चूक आहे ती! लोक फवारतील आणि दुसऱ्या दिवशी माल बाजारात नेतील."

"मी वर कळवते ना. पण ताई, खरं सांगू? त्यांनी आपल्याकडून दुरुस्ती विकत घेतलेलीच नाहीये. तपासणी घेतलीय. दोन्हींची कंत्राटं वेगळी असतात."

म्हणजे त्यांना डोळे नको होते, नाव हवं होतं. कायदा करणाऱ्यांनी भल्यासाठी केला असेल. पण विकत घेणारा नेहमी कायद्यातली स्वस्त वाट आधी शोधतो, आणि ती वाट या वेळी अमडापुरातून गेली. संजीवनीने शेऱ्याच्या चौकटीत सगळं सविस्तर लिहिलं, तीनदा लिहिलं. पान लालभडक झालं होतं. आपण नाही म्हटलं तर हे पान दुसऱ्या कुणाकडे जाईल, आणि तो तर एवढाही शेरा लिहिणार नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ही समजूत खोटी आहे हे तिला घालतानाच कळत होतं. तिने बटण दाबलं.

दोन महिन्यांनी तिने गावात नवीन खोकी पाहिली. शेजारच्या वावरातल्या अर्जुनरावांच्या बांधावर एक उघडं पडलं होतं, पण त्यातला कागद फेकलेला नव्हता. तो अर्जुनरावांच्या खिशात होता. ते वांग्याचा तोडा करत होते, क्रेट भरत आले होते, आणि झाडांना औषधाचा वास अजून येत होता.

"काका, फवारलं कधी?"

"काल सकाळी. काऊन?"

"अहो, सात दिवस थांबा लागते! हा माल नेऊ नका. तोड्याच्या आधी सात दिवस औषध माराचं नाही."

अर्जुनरावांनी खिशातून कागद काढला, तिच्यापुढे उलगडला आणि बोट ठेवून वाचला. "कापणीच्या सात दिवस आधी. आपली कापणी कुठी हाये आता? झाडं काढाले दोन मह्यने हायेत."

"चुकीचं छापलं हाये ते, काका. कापणी म्हंजे तोडाच."

"चुकीचं?" त्यांनी बोट खाली सरकवलं. तिथे बारीक अक्षरांत होतं : तपासणी, संजीवनी राऊत, अमडापूर. "हे तुयंच नाव हाये ना? आजवर मी असा एक कागद वाचला नाही, पोरी. तुयं नाव दिसलं म्हनून हा वाचला, अन् बायकोलेबी वाचून दाखोला. तू आता घाईत काही बोलून राह्यली. लिहितानी तं इचार करूनच लिहिलं असशीन."

"मी लिहिलं नाही ते, काका. मी फक्त..."

चौदा वर्षं शब्द शोधणाऱ्या बाईला, आपण काय केलं हे सांगायला शब्द सापडेना. 'तपासलं' म्हणावं तर ते खोटं, आणि 'बटण दाबलं' म्हणावं तर ते अर्जुनरावांना समजलं नसतं.

बांधावर छोटा टेम्पो उभा राहिला. क्रेट चढले. तिने हात आडवा घातला, तर अर्जुनरावांनी तो हळूच बाजूला केला, रागावले नाहीत. उलट शेवटच्या क्रेटमधली चांगली काटेरी, तुकतुकीत सहा वांगी निवडून त्यांनी तिच्या ओढणीत टाकली.

"घे. रंगरावाले भाजी कर. गावातली पोरगी कंपनीच्या कागदावर गेली, चांगलं झालं माय. आता समजून तरी फवारतो आम्ही."

टेम्पो खामगावच्या बाजाराकडे निघून गेला. संजीवनीने घरामागे खड्डा खणला आणि ती सहा वांगी पुरली, हात दोनदा साबणाने धुतले, आणि आत येऊन संगणक उघडला. पहिलं पान लाल व्हायला लागलं होतं.